मॉडेल रेल्वेच्या छंदी मंडळींचा गट कसा वाढवावा?
मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्यांचा लहानसा गट कसा वाढवावा, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते सभासद गोळा करण्याआधी जोडणीचे मानक ठरवावे. एन स्केल (खऱ्या रेल्वेच्या 1:160 आकाराची मॉडेल्स, रुळांमधील अंतर 9 मिमी) घेऊन टी-ट्रॅक पद्धत (टेबलावर एकमेकांना जोडायच्या लहान तुकड्यांचे मानक) स्वीकारली, तर पूर्ण लेआउटसाठी, म्हणजे रूळ व देखाव्यांच्या सगळ्या मांडणीसाठी, घरात जागा नसलेला माणूसही सुमारे 31 सेंमी लांबीचे एक मॉड्यूल, म्हणजे असा एक तुकडा, तयार करू शकतो. त्यावरील दोन्ही समांतर मार्ग ठरलेल्या जागीच संपत असल्यामुळे ते कोणाच्याही मॉड्यूलला टेबलावर जोडता येते आणि त्याची गाडी सर्वांच्या देखाव्यांतून धावते. नवख्याला गटाशी बांधून ठेवणारे याहून मोठे कारण मला तरी दिसत नाही. त्याहून मोठ्या एचओ स्केलवाल्यांना (1:87) परके मानू नये, कारण झाडे व खडी बसवण्याची रीत, रंगकाम व वायरिंग दोन्हीकडे बरेचसे सारखेच असते.

जाणकारांनी नवख्यांच्या कामातील चुका काढत बसण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून रुळांना वायर जोडण्याचे सोल्डरिंग शिकवावे: रूळ घासून स्वच्छ करणे, फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ) लावणे आणि रुळांखालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळण्याआधी सोल्डरिंग आयर्न उचलणे. प्रदर्शन भरवल्यास गाडी चालवण्याचा एखादा कंट्रोलर मुलांच्या हाती अवश्य द्यावा.