सासरे डॉक्टरकडे यायला तयार नाहीत? मग आधी सासूबाई जाऊ देत

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. सासरे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त, वय एकसष्ट, १९९९ मध्ये कारगिल युद्धात द्रासला बोफोर्स तोफेवर होते. रात्री दोनला उठून गच्चीवर फेऱ्या, रोज संध्याकाळी कँटीनची रम, नातवाच्या हातून ताट पडलं तरी अंगावर धावून जातात. डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे का?" आणि मागच्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाले, "मी नसलो तर तुमचं बरं चालेल." तुम्ही विचारलंय, इंदूरमध्ये चांगला मनोविकारतज्ज्ञ कोण?

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. आता इंदूरलाच असतो आणि ओळखीच्या माजी सैनिकांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कागदांत मदत करतो. डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा. डॉक्टरचं नाव मी देणार नाही, कारण तुमचं घोडं तिथे अडलेलं नाहीच.

जेवतानाच्या त्या वाक्याचं आधी बघा. रागाच्या भरात आलं असेल, तरी सोडून देऊ नका. शांत वेळ बघून तुमच्या मिस्टरांनी सरळ विचारावं, "बाबा, मरायचा विचार येतो का मनात?" विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. फौजी माणसाला आडून विचारलेलं जास्त टोचतं. "येतो" म्हणाले, किंवा नुसते गप्प बसले, तर त्या दिवशी एकटं सोडायचं नाही आणि रेफरलची, म्हणजे पॉलिक्लिनिकने (ईसीएचएसच्या दवाखान्याने) हॉस्पिटलसाठी द्यायच्या चिठ्ठीची, वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. हॉस्पिटल ईसीएचएसच्या पॅनेलवर, म्हणजे मान्यताप्राप्त यादीत, नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, एवढीच अट पाळा.

घरात परवान्याची बंदूक आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. रिटायर झाल्यावर बँकेत गार्ड म्हणून राहिलेल्यांकडे बऱ्याचदा असते. असेल तर सध्या ती घरात नको. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून पावती घेता येते. निवडणुकीच्या वेळी लोक जमा करतातच, त्यामुळे शेजारीपाजारी काही बोलणार नाहीत. हा विषय सुनेने काढू नये. त्यांचा एखादा जुना पलटणवाला जवळपास असेल तर त्याला बोलवा.

आता रम. तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी सल्ला दिलाय की बाटली लपवा, दोन दिवस ओरडतील मग गप्प बसतील. कृपा करून असं करू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस बरळायला लागतो, नसलेली माणसं दिसतात, आणि यात जीवही जाऊ शकतो. वॉर्डात हे मी पाहिलंय. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला धडधाकट हवालदार, दारूचं कुणी सांगितलेलंच नाही, आणि तिसऱ्या रात्री सलाइन उपटून पलंगाखाली पोझिशन घेऊन बसलेला. घरच्यांना वाटलं ऑपरेशनचं इन्फेक्शन डोक्यात गेलं. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यासाठी औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, आणि पहिला आठवडा नीट निघाला तर पुढचं बरंच सोपं जातं. तोपर्यंत रोज किती पेग होतात ते कॅलेंडरवर मांडून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

सासरे डॉक्टरला 'नाही' का म्हणतात, यावर जरा थांबतो, कारण घरच्यांना हे माहीत नसतं. फौजेत माणसाची तब्येत पाच अक्षरांत मोजतात, त्याला शेप म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर 'एस', म्हणजे मनाची स्थिती. कान, हातपाय, डोळे यांची कॅटेगरी खाली आली तर कुणी हसत नाही, उलट सांभाळून घेतात. 'एस' खाली आला की हत्याराची ड्यूटी गेली, प्रमोशन अडलं, आणि लंगरमध्ये, म्हणजे जेवणाच्या जागी, चर्चा सुरू. अठ्ठावीस वर्षं ज्याने 'एस-वन', म्हणजे त्यातला सगळ्यात वरचा दर्जा, जपला, त्याला तुम्ही "मनाच्या डॉक्टरकडे चला" म्हणालात की त्याच्या कानावर "बोर्ड लागला", म्हणजे मेडिकल बोर्डापुढे उभं केलं, असंच पडतं. तेव्हाची ती भीती खोटी नव्हती. आता मात्र ती लागू नाही, हे त्यांना कुणीतरी फौजी भाषेत सांगायला हवं: मनाचे उपचार घेतले म्हणून सर्व्हिस पेन्शन बंद होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कोणी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, तरी तो तीव्र ताणातून झाला असं धरून त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असंही त्या कायद्यात आहे.

बरं, न्यायचं कसं? बीपीच्या गोळ्या ते दर महिन्याला पॉलिक्लिनिकमधून स्वतः जाऊन आणतात, असं तुम्हीच लिहिलंय. मग नवीन दार कशाला शोधताय? त्याच दाराने जायचं. पॉलिक्लिनिकच्या मेडिकल ऑफिसरला आधी अर्ध्या पानाची चिठ्ठी पोचवा: झोप किती, पेग किती, चिडचिड कधीपासून, आणि ते वाक्य जसंच्या तसं. पेशंटचं घरच्यांना सांगायला डॉक्टर बांधील नसतो, पण घरच्यांचं ऐकून घ्यायला त्याला कुठलाही कायदा आडवा येत नाही. मग पुढच्या फेरीत बीपी बघता बघता तोच झोपेचं विचारेल. "झोप लागत नाही" हे फौजी कबूल करतो, "मन ठीक नाही" हे नाही करत. झोपेवरून सुरुवात होऊ द्या.

त्याच फेरीत कान तपासून घ्या. हे मी प्रत्येक तोफखानेवाल्याच्या घरी सांगतो. तोफेशेजारी वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, कानात सतत शिटी वाजते, म्हणून रात्री झोप उडते. चारचौघांत बोलणं कळत नाही म्हणून तो कोपऱ्यात बसतो, आणि घरचे म्हणतात स्वभाव बिघडला. सगळं कानामुळेच आहे असं नव्हे. पण श्रवणयंत्र लागल्यावर निम्मी चिडचिड उतरलेली घरं मला ठाऊक आहेत. थायरॉइड आणि साखरही बघू द्या. पीटीएसडी (युद्धासारख्या आघातानंतरचा मनाचा आजार) हे नाव घरी लावू नका, ते डॉक्टरवर सोडा. मात्र मॅच जिंकल्यावर राजवाड्याकडे फटाके फुटायला लागले की ते दचकून उठतात का, त्या दिवसांची स्वप्नं पडतात का, द्रासचा विषय निघाला की खोलीतून निघून जातात का, हे लिहून ठेवा. असा त्रास निवृत्तीनंतर वर उफाळून येतो. नोकरीत सकाळी पाचला पीटी असते, हाताखाली माणसं असतात. घरी काय, भाजी आणा आणि वीजबिल भरा.

आता मुद्द्याचं. तुम्ही सगळे मिळून सासऱ्यांना राजी करायच्या मागे आहात, आणि सासूबाईंबद्दल तुमच्या प्रश्नात एकच ओळ आहे: "आईंचं बीपी वाढलंय, त्या बोलत नाहीत." पहिल्या पेशंट त्या. सून म्हणून तुम्ही ईसीएचएसमध्ये येत नाही, तुमचे मिस्टरही आता येत नाहीत; पण बायको म्हणून सासूबाईंचा त्यावर स्वतःचा हक्क आहे, त्यांचं कार्ड वेगळं निघतं, आणि त्यासाठी सासऱ्यांनी सोबत यायची गरज नाही. त्यांना न्या. झोप, बीपी, छातीत धडधड, जे असेल ते सांगू द्या. घरात काय चाललंय हे तिथे आपोआप निघतं, आणि समुपदेशक भेटला तर नवरा पिऊन आल्यावर काय बोलावं, काय बोलू नये, हेही त्यांना कळतं. आणि एक पाहिलंय: बायको मुकाट्याने स्वतःची पर्ची (डॉक्टरची चिठ्ठी) घेऊन जायला लागली की सुभेदार साहेब चार-सहा आठवड्यांत "मी सोडायला येतो" म्हणून गाडी काढतात. दरवेळी नाही, पण पुष्कळदा. नाही आले, तरी सासूबाईंची झोप तर सुधारली ना.

रेफरल कुठला घ्यायचा? महूला मिलिटरी हॉस्पिटल आहे. तिथल्या ओपीडीचे वार आधी विचारा, नाहीतर पंचवीस किलोमीटर जाऊन परत याल. पॅनेलवरचं खाजगी हॉस्पिटल हवं असेल तर ते मनोविकारासाठी पॅनेलवर आहे का, हे विचारा. हॉस्पिटलचं नाव यादीत असलं तरी प्रत्येक विभाग असतोच असं नाही, आणि बिलं तिथेच अडकतात. औषध पॉलिक्लिनिकमध्ये नसेल तर पर्चीवर 'एनए' (उपलब्ध नाही) असं लिहून घेतल्याशिवाय बाहेरून विकत घेऊ नका. बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे, कार्डाचा घोळ असेल तर तिथे जाता येतं. इंदूरमध्ये बाणगंगा म्हटलं की लोक हसतात, हसू देत. पण सासऱ्यांना पहिल्याच फटक्यात तिथे नेऊ नका.

आजच्या आज काही करायचं असेल तर १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सैन्याशी संबंधित लोकांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात) सुरू झाला. समोरच्याला सांगा, माजी सैनिकाच्या घरातून बोलतोय. हा फोन तुम्हीही करू शकता, त्याला कार्ड लागत नाही.

आणि ताई, प्रश्नासोबत डिस्चार्ज बुकाचा जो फोटो टाकलाय त्यात सर्व्हिस नंबर स्पष्ट वाचता येतोय. तो आधी काढा. सासूबाईंचं नाव पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) आणि आधारवर एकसारखं आहे का ते बघा. स्पेलिंग वेगळं असेल तर कार्डाचा अर्ज परत येतो. तसं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोन्ही कागद घेऊन जा आणि नाव दुरुस्तीचं विचारा.