गिऱ्हाईक येत नाही की येऊन परत जातं? आधी मोजा तरी

प्रश्न : ताई, आम्ही चौघं कॉमर्सच्या सेकंड इयरला आहोत. सेमिस्टरचा प्रोजेक्ट म्हणून एका छोट्या धंद्याची खरीखुरी अडचण सोडवायचीय. आम्हाला हार्डवेअरचं दुकान मिळालं. काका म्हणाले विक्री पडलीय, इन्स्टाग्रामवर काहीतरी करा. पेज काढलं, रील्स टाकल्या, तीन आठवड्यांत 64 फॉलोअर्स आणि त्यातले 50 आमचेच मित्र. विक्री जिथल्या तिथे. काका आता आमच्याकडे बघत पण नाहीत. पाच आठवडे उरलेत, काय करू?

उत्तर : 50 मित्रांपैकी एकालाही स्क्रू नकोय हे कळलं, तेही काही कमी नाही. विक्री पडलीय हे लक्षण झालं रे, रोग नाही, आणि तुम्ही नाडी न बघताच औषध दिलंत. अर्थात औषधाचं नाव काकांनीच सांगितलं होतं, त्यामुळे तुमच्यावर फार चिडत नाही.

उद्यापासून रील्स बंद. काउंटरच्या कोपऱ्यात स्टूल टाका आणि पाळीपाळीने बसा, दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत, निदान एक आठवडा, कारण रोजची गर्दी सारखी नसते. वहीत तीनच रकाने आखा : काय मागितलं, मिळालं का, आणि नसेल तर काका काय म्हणाले. बिलबुकात जे विकलं तेवढंच दिसतं, जे विकता आलं असतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. 'अर्ध्या इंचाचा एल्बो आहे?' 'संपलाय, दोन दिवसांनी बघा.' चार सेकंदांत संपतं हे बोलणं, संध्याकाळी काकांना आठवत पण नाही, पण त्या माणसाला एल्बोबरोबर, म्हणजे पाइप वळवायच्या जोडाबरोबर, पाइप, तो चिकटवायचं सोल्युशन, नळ सगळंच घ्यायचं होतं आणि ते सगळं दुसऱ्या दुकानातून गेलं.

समजा 'संपलाय' फारच वेळा आलं. मग टोयोटाच्या कारखान्यांमुळे जगभर पसरलेली पद्धत वापरा, एकामागून एक 'का' विचारत खाली उतरायचं. एल्बो का नाही? मागवला नाही. का? होलसेलवाल्याचं मागचं बिल बाकी आहे. का? गल्ल्यात पैसे नाहीत. का? उधारीत अडकलेत. का? उधारी वहीत नावावर लिहिलीय, कोणाची किती दिवस थकलीय हे एका नजरेत दिसतच नाही, म्हणून जो समोर येतो त्यालाच आठवण करून दिली जाते आणि जो तोंड चुकवतो तो सुटतो. कुठे इन्स्टाग्राम आणि कुठे उधारीची वही!

एक हिशेब काकांसमोर बसून करा. समजा माल आल्यापासून विकला जाईपर्यंत सरासरी 90 दिवस लागतात, विकल्यावर पैसे यायला 45, आणि होलसेलवाला 30 दिवसांची मुदत देतो. 90 अधिक 45 वजा 30, म्हणजे 105 दिवस काकांचा स्वतःचा पैसा बाहेर. अशा दुकानात तुमच्या रील्स चालल्या असत्या तर पंचाईतच होती, कारण उधारीवरची विक्री वाढली की कागदावर नफा दिसतो आणि गल्ला आणखी रिकामा होतो.

मालाची पण यादी करता येईल, प्रत्येक वस्तूचा वर्षाचा खप गुणिले खरेदी भाव, मोठी रक्कम वर, छोटी खाली. याला एबीसी अ‍ॅनालिसिस म्हणतात. वरच्या मोजक्या वस्तूंमध्येच बरीचशी रक्कम असते, गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ ज्युरन यांनी ज्याला इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटोचं नाव दिलं तेच हे 80-20, म्हणजे साधारण 20 टक्के वस्तूंत 80 टक्के रक्कम, फक्त आकडा अगदी तसाच येईल म्हणून हटून बसू नका. आणि एक खोच आहे. एल्बो स्वस्त, म्हणजे यादीत तळाला जाणार, पण तोच नसल्यामुळे अख्खं गिऱ्हाईक जातं, म्हणून ही यादी 'संपलाय'च्या वहीशेजारी ठेवूनच वाचा.

पाच आठवड्यांत उधारी आणि मालाची यादी, दोन्ही होणार नाही. मी असते तर उधारी धरली असती. एका शीटमध्ये चार रकाने, 30 दिवसांपर्यंत, 31 ते 60, 61 ते 90 आणि त्यापुढची, आणि दर सोमवारी शेवटच्या रकान्यातल्या पाच जणांना काकांनी स्वतः फोन करायचा. तुम्ही नाही हं, काकांनीच.

प्रश्न : माझं छोटं प्रिंटिंग युनिट आहे. मागे कॉलेजची मुलं आली, 42 स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं, फोटो काढले, गेली. आता दुसरी बॅच विचारतेय आणि विक्रीचे आकडे मागतेय. देऊ का?

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. मी कॉलेजात असताना आम्हीही एका टेलरकाकांना असंच गंडवलंय, म्हणजे मुद्दाम नाही, पण त्यांचं पेज आमच्यातल्या एकाच्या ईमेलवर काढलं, तो शिकायला दुसरीकडे गेला, पासवर्ड विसरला आणि काकांचा जुना नंबर त्या पेजवर तसाच राहिला. कितीतरी गिऱ्हाइकं बंद नंबरवर फोन करत असतील.

मुलांना येऊ द्या, पण अटी तुमच्या. प्रश्न एकच घ्यायचा आणि तो नेमका हवा, 'धंदा वाढवा' नाही तर 'ऑर्डर ठरल्या दिवशी का निघत नाही'. आठवड्याला तुमचा एक तास, जास्त नाही. आकडे द्या, पण गिऱ्हाइकांची नावं खोडून, आणि रक्कम सांगायची नसेल तर पहिला महिना 100 धरून पुढचे महिने त्या हिशेबात द्या, चढउतार तेवढाच दिसतो. बँकेचं काहीही द्यायचं नाही. जे अकाउंट निघेल ते तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच फोनवर.

शेवटचे दोन आठवडे मुलांनी हात मागे बांधून उभं राहायचं आणि तुमच्या माणसाने मुलांनी बसवून दिलेलं काम करून दाखवायचं. त्याला जमलं नाही तर मुलांचं काम अर्धवट आहे, स्लाइड कितीही असोत.

प्रश्न : आम्हाला अनुभव शून्य, पैसे मागायचे का?

उत्तर : मागणारे आधीपासून आहेत. 1967 मध्ये फ्रान्समधल्या एसेक या बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांनी ज्युनिअर एंटरप्राइज काढली, विद्यार्थ्यांनीच चालवलेली कंपनी जी बाहेरची कामं पैसे घेऊन करते, आणि आज तशा अनेक देशांत आहेत. पण पहिल्या कामाला फक्त झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचा खर्च घ्या. मार्कांसाठी करताय तर आधी मॅडमना विचारा, काही ठिकाणी पैसे घेतलेले चालत नाहीत. आणि घेतलेत तर पावती द्या, नाहीतर लोकांना उधारीची शिस्त शिकवणारे तुम्हीच वहीत सापडायचात.