‘-डब्ल्यूनो’ची तक्रार शेवटी दिसते, खरी चूक तिच्या वर असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपवर जीसीसी १२ ने (जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर) सगळं नीट बिल्ड होतं, पण उबंटू १८.०४ च्या सर्व्हरवर जीसीसी ७ एका फाइलवर अडतो आणि ‘-डब्ल्यूनो-स्ट्रिंगॉप-ट्रंकेशन’ हा ‘स्ट्रिंगॉप-ट्रंकेशन’ नावाचा वॉर्निंग दाबणारा फ्लॅग (कंपायलरला दिलेली सूचना) ओळखीचा नाही म्हणतो. बाकीच्या फायली मात्र त्याच फ्लॅगसकट मुकाट्याने कंपाइल होतात.

कृपया तो फ्लॅग काढायच्या मागे लागू नका. तो वॉर्निंग जीसीसी ८ मध्ये, म्हणजे २०१८ साली आला, त्यामुळे ७ ला तो ठाऊक नसणारच. पण बिल्ड त्याने पाडलेलं नाही. तुम्ही दिलेल्या लॉगमध्ये त्या तक्रारीच्या चार ओळी वर ‘लेन’ हे व्हेरिएबल वापरलंच नाही असं लिहिलंय. खरी चूक ती.

जीसीसी ४.४ पासून (२००९) नियम असा आहे: अनोळखी ‘-डब्ल्यूनो-काहीतरी’ दिसला तर गप्प बसायचं. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) जुन्यावरही चालावी, हा हेतू. मात्र त्या फाइलमध्ये दुसरा कुठलाही वॉर्निंग किंवा एरर निघाला, की हा फ्लॅगही सांगायचा, कारण कदाचित तोच वॉर्निंग दाबायला तुम्ही तो दिला असेल. मला हा नियम फार समंजस वाटतो. फक्त तुमच्याकडे ‘-डब्ल्यूएरर’, म्हणजे प्रत्येक वॉर्निंगला एरर मानणारा फ्लॅग, चालू आहे, म्हणून ही साधी सूचनाही लाल अक्षरात एरर होऊन येते, तीही सगळ्यात शेवटी, आणि नजर तिथेच अडकते. ‘लेन’ फक्त एका इफडेफच्या (अट पूर्ण झाली तरच कंपाइल होणाऱ्या भागाच्या) आत वापरलाय; त्याची घोषणा आत हलवा, दोन्ही तक्रारी एकदमच जातील.

‘नो’ नसलेला अनोळखी फ्लॅग दिला तर जीसीसी थेट एरर देतो. म्हणूनच फ्लॅग चालतो का हे तपासताना ‘नो’वाला देऊ नका, जीसीसी प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणेल. सीमेक या बिल्ड साधनाच्या चेक-सी-कंपायलर-फ्लॅग या तपासणीला ‘-डब्ल्यूस्ट्रिंगॉप-ट्रंकेशन’ द्या, उत्तर हो आलं तरच ‘नो’वाला जोडा. लिनक्स कर्नलचा सीसी-डिसेबल-वॉर्निंग मॅक्रोही असंच करतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचं वागणं वेगळं: तो ‘नो’ असो वा नसो, अनोळखी फ्लॅगवर लगेच वॉर्निंग देतो, आणि ‘-डब्ल्यूएरर’ असेल तर तिथेच थांबतो.

बदल केल्यावर सर्व्हरवरचा जुना बिल्ड फोल्डर उडवा. सीमेक तपासणीचं उत्तर कॅशमध्ये ठेवतो.