सहा सिलिंडरची पिकअप आणि चोवीसचं स्वप्न

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या महिन्यात पिकअपवाल्यांनीच पत्रपेटी भरून टाकलीय. आपली मंडळी अमेरिकेत आली की आधी सेडान, मग मिनीव्हॅन आणि घर झालं की पिकअप, हा क्रम आता ठरलेलाच दिसतोय.

प्रश्न : दादा, मी टेक्सासमध्ये असतो. मागच्या वर्षी ट्विन टर्बो व्ही६ची (सहा सिलिंडरची) फोर बाय फोर पिकअप घेतली, काचेवरच्या स्टिकरवर हायवेला गॅलनमागे २३ मैल लिहिलंय. रोज जाऊन येऊन ९० मैल, बहुतेक सगळा फ्रीवे, तरी गाडी १८च्या वर ॲव्हरेज देतच नाही. डीलरकडे दोनदा नेली, ते म्हणतात गाडी ओके आहे. मला फसवलंय का?

उत्तर : नाही हो, फसवलेलं नाही, पण तुम्ही एक गोष्ट पत्रात लिहिलीच नाहीत. फ्रीवेला कितीने चालवता? मी सांगतो, ७८-८०. टेक्सासमध्ये त्याच्या खाली चालवलं तर मागचा माणूस बंपरला चिकटतो हे मलाही माहितीये.

आता स्टिकरचं बघा. ईपीएच्या (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था, स्टिकरवरचे आकडे तिचे) हायवे टेस्टचा सरासरी वेग ताशी ४८ मैलांच्या आसपास आहे आणि जास्तीत जास्त ६०. तीही रस्त्यावर नाही, लॅबमध्ये रोलरवर. २००८च्या मॉडेलपासून त्यात ८० मैलांपर्यंत जाणारी एक टेस्ट, एसी चालू ठेवून एक आणि थंडीतली एक अशा आणखी टेस्टचा हिशोब धरायला लागले, म्हणून आकडे आधीपेक्षा खरे झाले, पण रोज तासभर ८०ने पळणाऱ्या माणसासाठी तो आकडा कधीच नव्हता.

खरा खर्च हवेचा आहे. फुल साइज पिकअप म्हणजे समोरून बघितलं तर चालतं कपाट. वेग ६०वरून ८०वर नेला की हवेचा विरोध पावणेदोन पटीपेक्षा जास्त वाढतो आणि ही हवा काही इंजिनात सिलिंडर सहा आहेत का आठ हे विचारत नाही. छोटं इंजिन गॅस (म्हणजे आपलं पेट्रोल) वाचवतं ते हलक्या कामात, म्हणजे सिग्नलला, गावातल्या रस्त्यावर, ५५-६०च्या क्रूझला. ८०ला किंवा चढावर टर्बो जोरात फुंकायला लागला की आत जास्त हवा जाते, आणि जास्त हवा म्हटली की जास्त गॅस आलाच. फोर्डच्या इकोबूस्ट या टर्बो इंजिनवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे, की इको घ्या नाहीतर बूस्ट घ्या, दोन्ही एकदम मिळत नाही.

दोन आठवडे ६८वर क्रूझ कंट्रोल लावून बघा. उजव्या लेनमध्ये राहावं लागेल, थोडा अपमान होईल, पण आकडा हलेल.

आणि हो, तो १८ कुठून काढलात? डॅशवर दिसतो तो की हाताने मोजलेला? माझ्या स्वतःच्या ट्रकचा डॅश (कंपनीचं नाव राहू द्या) मला १८.१ दाखवत होता. मी टाकी पहिल्या क्लिकपर्यंत भरली, ट्रिप शून्य केली, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत पहिल्या क्लिकपर्यंत भरली. ४१२ मैल, २४.६ गॅलन. भागून बघा, १६.७ येतं. दीड मैल कुठे गेला? एका टाकीवर निकाल लावायचा नाही हे खरं, म्हणून मी चार टाक्या केल्या, सगळे मैल एकत्र भागिले सगळे गॅलन, तरी डॅश पुढेच. मग अचानक लक्षात आलं की आधीच्या मालकाने टायर बदललेत. मूळ २७५/६५ आर १८ होते, त्याने २७५/७० टाकले, म्हणजे साधारण ३२ इंचाचे ३३ झाले, आणि कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नाही. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर जातं, सो ओडोमीटर जवळपास साडेतीन टक्के कमी मोजत होता. ४१२ नाही, खरे ४२६ मैल झाले होते! ॲव्हरेज निघालं १७.३. म्हणजे डॅश खोटा, ओडोमीटरही खोटा, आणि दोघं उलट्या बाजूने खोटे. तुमच्या ट्रकला दणकट ऑल टेरेन टायर असतील तर हे आधी तपासा, ते टायर जड असतात आणि रस्त्याला घासतातही जास्त, त्यामुळे थोडं ॲव्हरेज खरोखरच जातं आणि थोडं नुसतं कागदावर जातं.

प्रश्न : आमच्या घरात भांडण लागलंय. ह्यांना व्ही८च हवी, मी म्हणते व्ही६ घ्या, गॅसचे पैसे वाचतील. वर्षाला १२ हजार मैल होतात. निकाल तुम्हीच लावा!

उत्तर : वहिनी, नवराबायकोच्या मध्ये मी पडत नाही, फक्त आकडे मांडतो. फोर्डची २०२१ची एफ-१५० पिकअप घेऊ, फोर बाय फोर, ईपीएचा कंबाइन्ड (सिटी-हायवे मिळून) आकडा. ५.० लिटर व्ही८ला १९, ३.५ इकोबूस्ट व्ही६ला २०, धाकट्या २.७ व्ही६ला २१. एमपीजी (गॅलनमागे मैल) बाजूला ठेवा आणि १०० मैलांना किती गॅलन ते काढा, तेच खरं बिल. १९ म्हणजे ५.२६ गॅलन, २० म्हणजे ५, २१ म्हणजे ४.७६. तुमच्या १२ हजार मैलांना मोठ्या व्ही६ने वाचले ३२ गॅलन, छोट्याने ६०. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर पहिल्याचे वर्षाला ११० आणि दुसऱ्याचे २१० डॉलर. एवढ्यासाठी भांडायचं का ते तुम्ही ठरवा. मी असतो तर २.७ घेतली असती, पण ह्यांना आवाज हवा असेल तर आवाजाला किंमत कशी लावणार.

मात्र घरात जुनी व्ही८ असेल तर गोष्ट वेगळी. टोयोटा टुंड्राच्या २०२१पर्यंतच्या ५.७ व्ही८ला टू व्हील ड्राइव्हमध्ये कंबाइन्ड १५ होतं, २०२२ला ३.४चा ट्विन टर्बो व्ही६ आला आणि ते २० झालं. १५चं २० म्हणजे १२ हजार मैलांना ८०० गॅलनचे ६०० होतात. हे मोठं आहे. ३०वरून ४०वर गेलेल्या छोट्या कारचे मात्र याच मैलांना १०० गॅलनच वाचतात, तरी कौतुक सगळं तिचंच होतं.

प्रश्न : कॅम्पिंगसाठी ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय. व्ही६ ओढेल का आणि ॲव्हरेज किती पडेल? हायब्रिड घेऊ का?

उत्तर : ओढेल, आरामात ओढेल, आणि गॅस पाण्यासारखा पिईल. ८ ते ११ धरून चला. वजनापेक्षा ट्रेलरचं सपाट थोबाड जास्त महाग पडतं, त्यामुळे कमी वजनाचा पण उंच ट्रेलर घेऊन खूश होऊ नका. ६२-६५ने चालवा आणि ट्रक घेताना मोठ्या टाकीचा ऑप्शन बघा, नाहीतर दर दीडशे-दोनशे मैलांना पंप शोधत बसाल, तोही ट्रेलरसकट वळता येईल असा.

हायब्रिडचं म्हणाल तर एफ-१५०च्या फोर बाय फोर पॉवरबूस्टला (त्यांची हायब्रिड) २०२१ला सिटी २४, हायवे २४ असं होतं. यातच उत्तर आहे बघा, एरवी सिटीचा आकडा हायवेपेक्षा कमी असतो, इथे दोन्ही सारखे, म्हणजे फायदा सगळा ब्रेक मारत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. सरळ हायवेवर ट्रेलर ओढताना बॅटरीला परत चार्ज व्हायला मिळतंय कुठे.

प्रश्न : डिझेल सहा सिलिंडरला हायवेला ३० मिळतात हे खरं का?

उत्तर : हायवेला मिळतात, हो. शेव्ही सिल्व्हराडोच्या ३.० ड्युरामॅक्स डिझेलला २०२०च्या टू व्हील ड्राइव्हमध्ये हायवेचा आकडा ३३ होता, आणि संथ चालवणारे त्याच्या आसपास जातात. डिझेलमध्ये मुळात प्रत्येक गॅलनला ताकद जास्त. पण पंपावर डिझेलचा भाव बघा, त्यात डीईएफ (धूर स्वच्छ करणारं वेगळं द्रव) भरायचं, आणि रोज तीन मैल शाळा, तीन मैल ग्रोसरी असं चालवलं तर धुराची काजळी अडवणारा मागचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही. त्या पहिल्या ड्युरामॅक्सचा ऑइल पंपाचा बेल्टही दीड लाख मैलांना बदलायचा असतो आणि तो इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवा. सेकंड हँड घेणार असाल तर ओडोमीटर आधी बघा. फोर्डचं व्ही६ डिझेल २०२१ला बंद झालं, रॅमचं इकोडिझेल २०२३ला, त्यामुळे निवडही आता फारशी उरली नाही.

प्रश्न : मिनेसोटात राहते. जानेवारीत ॲव्हरेज इतकं का पडतं? प्रीमियम गॅस टाकू का?

उत्तर : ताई, प्रीमियमने थंडी जात नाही. २० डिग्री फॅरनहाइटला गावातल्या गावात चालवताना ७७ डिग्रीपेक्षा साधारण १५ टक्के कमी मिळतं, छोट्या फेऱ्यांना आणखी कमी. तेल घट्ट, टायरमधली हवा उतरलेली, आणि वर रिमोट स्टार्ट करून वीस मिनिटं उभी गाडी तापवायची, त्या वेळात शून्य मैल पडतात. दोन-चार मिनिटं तापवा आणि हळू निघा. काच मात्र आधी खरवडून घ्या.