कॅनडाचा हीटर, नंदगडचा ट्रक

प्रश्न: मेस्त्रीकाका, नमस्कार. आमचा 2008 सालचा सहाचाकी ट्रक आहे, हंगामात ऊस आणि एरवी वीट-वाळू. नोव्हेंबर लागला की पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, मग धक्का मारायला माणसं गोळा करायची. एकदा चालू झाला की दिवसभर तक्रार नाही. पुतण्या कॅनडात अल्बर्टात ट्रक चालवतो. येताना त्याने इंजिन ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनातलं पाणी विजेवर गरम ठेवणारा हीटर, आणला. गावातच बसवून घेतला आणि घरच्या प्लगला लावला. थोड्या वेळात करपट वास आला, मेन स्विच पडला. तेव्हापासून हीटर गप्प. दुरुस्त होईल काय? शिवाय पुतण्याच्या स्वतःच्या गाडीतला असाच ब्लॉक हीटरही यंदा गरम होत नाही म्हणतो. त्याने काय बघावं?
— एक वाचक, नंदगड, ता. खानापूर

उत्तर: तुमचा हीटर गेला, त्याच्यावर आता एक रुपया घालू नका. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. व्होल्ट दुप्पट झाले की उष्णता चौपट होते. हजार वॉटचा हीटर आपल्या प्लगवर साडेतीन हजार वॉटच्या वर ओढतो. कॉइल जळणारच. ती नळीत बंद असते, त्यामुळे उघडून सांधायची सोयही नाही. सॉकेट आणि वायरिंग मात्र वायरमनला दाखवून घ्या, तिथलं प्लॅस्टिक वितळलं असेल.

हा हीटर ब्लॉकच्या बाजूला असते त्या पत्र्याच्या गोल टोपीच्या, म्हणजे कोअर प्लगच्या जागी बसतो. तो काढून त्याच मापाचा नवा कोअर प्लग ठोकून घ्या. जळका हीटर तसाच ठेवलात तर ऐन घाटात तिथून पाणी गळायला लागेल.

आणि खरं सांगू का, तो चालला असता तरी तुमचं दुखणं गेलं नसतं. खानापूर भागात कडाक्याची थंडी म्हणजे पहाटेचे दहा-बारा अंश. डिझेल इंजिनात दाबलेली हवा पाचशे अंशांच्या घरात तापते आणि त्यावर डिझेल पेटतं. बाहेर तीसऐवजी बारा अंश असले म्हणून चांगलं इंजिन अडत नाही. अल्बर्टातल्या उणे तीसला गोष्ट वेगळी. तिथे ऑइल घट्ट होतं, थंडगार लोखंड दाबातली सगळी ऊब पिऊन टाकतं, डिझेलमधलं मेण गोठतं. आपल्याकडच्या साध्या डिझेलला हिवाळ्यात तीन अंशांपर्यंत वाहतं राहण्याची अट असते. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 पर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर येतात. लेहच्या गोष्टी रंगवून सांगतात आणि इथल्या थंडीला थंडी म्हटलं की हसतात.

आता तुमचा ट्रक. दिवसभर ओढतोय, धूर नाही, म्हणजे रिंग-पिस्टनवर माझा संशय नाही. सेल्फ मारताना कान द्या. इंजिन जड, रडत फिरत असेल तर वीज कमी पडतेय. झपाझप फिरतंय पण पेटत नाही, तर सायलेन्सरकडे बघा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग डिझेल फवारणारे नोझल तपासायला द्या.

बॅटरी बसते म्हणता, म्हणून आधी वीज. ऊसगाडी कारखान्याच्या यार्डात रात्र-रात्र नंबरला उभी असते. टेप चालू, मोबाईल चार्जिंगला, केबिनचा दिवा चालू. गाडी 24 व्होल्टची, टेप 12 चा. मग आपले लोक काय करतात, दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. ती रोज उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि वर्षाच्या आत जोडी बिघडते. दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. सेल्फ मारताना एखादी साडेनऊच्या खाली गेली तर तीच आजारी. बदलायची तर जोडीने बदला. एक जुनी, एक नवी हा बेळगावातल्या निम्म्या ट्रकांचा रोग आहे. टेपसाठी 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसवा. सेल्फ मारून झाल्यावर केबलच्या टोकांना आणि चासीवरच्या अर्थिंगच्या पट्टीला हात लावून बघा. जो जोड चटका देईल तो खोलून घासा.

बॅटरी ठीक निघाली तर डिझेल लाइन. पहाटे सेल्फ मारण्याआधी फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा, हँडपंप घट्ट लागेपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी पटकन चालू झाली तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परत जातंय आणि लाइनमध्ये हवा शिरतेय. फिल्टरचं रबर, बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर आणि टाकीतून येणारा पाइप, या क्रमाने बघा. ही चूक डिझेल गळून दिसेलच असं नाही. डिझेल बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. गाडी तोंड चढाला करून लावत असाल तर त्रास वाढतो.

एक विनंती, ते स्टार्टिंगचे फवारे मारू नका. त्यातला इथर अवेळी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. टाकीखाली बोळा पेटवणाऱ्यांना तर मी गॅरेजच्या फाटकातूनच परत पाठवतो.

पुतण्याला सांगा: प्लग लावून ब्लॉकजवळ कान न्यावा. चहाचं आधण तापायला लागल्यासारखी बारीक सूं ऐकू आली तर हीटर जिवंत आहे. नसेल तर प्लग काढून मल्टिमीटरने दोन चपट्या पिनांमध्ये ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजावेत. हजार वॉटला साधारण 14, दीड हजाराला साडेनऊ-दहा. काहीच दाखवत नसेल तर केबल ब्लॉकवरून काढून हीटरच्या टोकांवर पुन्हा मोजावं. तिथे बरोबर आलं तर दोष केबलचा, आणि बहुतेक वेळा तोच असतो, कारण ती बंपरखाली मीठ-बर्फात लोंबकळते. काही पिकअपच्या केबलमध्येच थर्मोस्टॅट, म्हणजे थंडी बघून वीज जोडणारा स्विच, असतो. उणे 18 च्या आसपास गेल्याशिवाय तो वीज सोडत नाही. असली केबल उबदार शेडमध्ये मोजली तर चांगली असूनही मेलेली वाटेल. चपटी पिन आणि अर्थिंगची गोल पिन यांच्यात मात्र काहीही वाचन येता कामा नये. आलं तर हीटर लगेच काढायचा.

नवा बसवला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) भरून, इंजिन चालवून, हवा काढल्यावरच प्लग लावायचा. कॉइलभोवती हवा राहिली तर ती उघडी पडून काही मिनिटांत जळते. आणि सॉकेटपर्यंतची एक्स्टेन्शन वायर जाड घ्यायला सांगा, लांब आणि बारीक वायरीवर हीटर नुसता कोमट होतो.