डेटाबेसचा क्लास लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.एस्सी. झालं आहे. राजारामपुरीत चौकशी केली, तर एका क्लासमध्ये मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर शिकवतात, दुसऱ्यात पोस्टग्रेस, आणि फी जवळजवळ दुप्पट. सॉफ्टवेअर तर दोन्ही फुकट आहेत. मग फी कशाची? कुठला क्लास लावू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फी आहे ती तुमची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कुठं चुकली हे शेजारी बसून दाखवणाऱ्या शिक्षकाची. त्यामुळे पैसे भरण्याआधी बॅचमध्ये किती मुलं असतात आणि प्रत्येकाचं काम कोण तपासतं, हे विचारा. पडद्यावरचं नुसतं उतरवून घ्यायचं असेल, तर ते घरबसल्या फुकट होतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पीएचपी-मायएसक्यूएलचे धडे आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर डेटाबेसची विद्यापीठीय व्याख्यानं आहेत. तिथं पैसे भरायचे ते परीक्षेला बसायचं असेल तरच.

दोन्हींपैकी शिकायला पोस्टग्रेस बरं, कारण ते चूक तिथल्या तिथं अडवतं. ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणारी सूचना) लावून त्यात नसलेला कॉलम मागितलात, तर पोस्टग्रेस थेट नकार देतं. मायएसक्यूएलच्या ५.७ च्या आधीच्या आवृत्त्या मुकाट्यानं कुठल्या तरी एका ओळीतली किंमत उचलून देत. शिकणाऱ्याला उत्तर आल्यासारखं वाटायचं, आणि ते चुकीचं असायचं. वेबसाइटच्या कामात मायएसक्यूएल भेटणारच, पण पोस्टग्रेसवर हात बसलेल्याला ते जड जात नाही. एक लक्षात ठेवा : क्लासमध्ये झॅम्प (वेबसाइटच्या सरावासाठीचा सॉफ्टवेअरचा संच) टाकून दिलं, तर त्यात मायएसक्यूएल नसून मारियाडीबी असतं. २००९ मध्ये मायएसक्यूएलच्याच मूळ निर्मात्यानं काढलेली ही वेगळी शाखा. नेटवरची एखादी कमांड तिथं चालली नाही, तर आधी आवृत्ती तपासा.

प्रश्न : सरावासाठी गावातल्या लोकांची नावं मराठीत भरली. परत वाचली, तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही.
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : फॉन्टचा इथं संबंध नाही. खरीच प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर ती नावं बहुधा भरतानाच गेली. कॉलम किंवा कनेक्शन लॅटिन-१ या अक्षरसंचावर होतं. त्यात देवनागरीला जागाच नाही. आता सेटिंग बदलून ती परत येणार नाहीत, पुन्हा भरावी लागतील. भरण्याआधी डेटाबेस, टेबल, कॉलम आणि कनेक्शन चारही ठिकाणी यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्या मावणारा मायएसक्यूएलचा अक्षरसंच) करा. चौथं हमखास राहून जातं. प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर खुणा असलेली इंग्रजी अक्षरं दिसली असती, तर माहिती बहुतेक वेळा शाबूत असते, फक्त वाचणारं कनेक्शन चुकीचं असतं. अशा वेळी काही पुसू नका.

कॉलमची लांबीही सढळ ठेवा. ‘कोल्हापूर’ आपल्याला चार अक्षरी वाटतं, पण काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जाऊन त्याची नऊ चिन्हं होतात. मराठी पूर्ण नावाला वीस पुरत नाहीत.

प्रश्न : करवीर तालुक्यातल्या दूध संस्थेत सचिव आहे. संकलनाचा हिशेब स्वतः ठेवता येईल एवढं शिकायचं आहे. काय शिकू आणि किती?
– एक वाचक

उत्तर : तुमच्यापाशी सरावाला तयार विषय आहे. चार टेबलं करा : सभासद, संकलन, दर, कपात. संकलनात सभासद क्रमांक, तारीख, सकाळ-संध्याकाळ, गाय-म्हैस, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). यातल्या पहिल्या चारांवर मिळून युनिक लावा, म्हणजे एकच माप दोनदा चढणार नाही. (एका पाळीत कुणी दोनदा दूध घालत असेल, तर तिथं पावती क्रमांकही घ्या.) लिटर आणि रुपये न्यूमेरिकमध्ये ठेवा, फ्लोटमध्ये नको, फ्लोटमध्ये दशांश तंतोतंत बसत नाहीत आणि बिलात पैशांचा फरक पडतो. फॅटवर १५ पेक्षा कमीचा चेक लावा, ६.५ च्या जागी ६५ दाबलं गेलं, की तिथंच अडेल. दराच्या टेबलात ‘कधीपासून लागू’ ही तारीख हवीच, आणि लागलेला दर संकलनाच्या ओळीतही लिहून ठेवा. नाहीतर नवा दर आला, की जुनी बिलं बदलतील.

आता खरी कसोटी. दहा दिवसांचं बिल काढताना एका सभासदाची संकलनाची वीस मापं आहेत आणि पशुखाद्याच्या तीन कपाती. सभासद, संकलन आणि कपात ही तिन्ही टेबलं सरळ जॉइन केली, तर प्रत्येक माप प्रत्येक कपातीला जोडलं जाऊन साठ ओळी होतात. बेरजेत दूध तिप्पट आणि कपात वीसपट. एरर कसलीच येत नाही, हेच यातलं वाईट. उपाय असा : संकलनाची सभासदवार बेरीज वेगळी काढा, कपातीची वेगळी, मग त्या दोन बेरजा सभासदाला जोडा. कपात नसलेला सभासद गळू नये म्हणून लेफ्ट जॉइन, आणि रिकाम्या जागी शून्य यावं म्हणून कोअलेस. ज्या कोर्समध्ये हे हातानं करून घेतात, तो तुमच्या कामाचा. रोज तासभर बसलात, तर एवढ्याला दोन महिने धरा.

अपडेट करताना आधी बिगिन (पुढचे बदल लगेच पक्के होऊ न देणारी सूचना) लिहायची सवय लावा. व्हेअर (कुठली ओळ बदलायची ती अट) राहून गेलं आणि एका सभासदाऐवजी ‘अपडेट ४१२’ असं उत्तर आलं, तर रोलबॅक करून, म्हणजे बदल मागे घेऊन, वाचता येतं. बिगिन नसेल, तर सगळ्यांची नोंद बदललेली असते.

बॅकअप पोस्टग्रेसच्या पीजी-डम्प या साधनानं रोज घ्या, आणि महिन्यातून एकदा तो रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून ओळी मोजा. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिलेत. एक प्रत संस्थेच्या इमारतीबाहेर, उंचावरच्या घरी हवी.

प्रश्न : सर्टिफिकेटवर नोकरी मिळते का?
– एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : निव्वळ त्यावर भरवसा ठेवू नका. मुलाखतीत दोन टेबलं देऊन क्वेरी लिहायला सांगतात, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कुठं लावाल विचारतात. एक पूर्ण काम गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा : टेबलं बनवणारी फाइल, नमुन्याची माहिती, दहा-पंधरा क्वेरी, आणि त्यातल्या एका संथ क्वेरीचं इंडेक्सआधीचं व नंतरचं एक्सप्लेन अॅनालाइझ (क्वेरी कशी चालली, किती वेळ लागला हे दाखवणारा तपशील). नमुन्यात खऱ्या लोकांची नावं, मोबाइल नंबर घालू नका.