ग्रूम्ड रन आणि पावडर या दोन्हींसाठी एकच स्की घ्यायची असेल तर कशी निवडावी?

तुम्ही लिहिले आहे की वर्षाला दहा-बारा दिवस स्कीइंग होते, त्यातला बहुतेक वेळ ग्रूम्ड रनवर, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवर जातो, पण रात्रीतून बर्फ पडला की सकाळी पावडरमध्ये, म्हणजे ताज्या मऊ बर्फात, उतरल्याशिवाय राहवत नाही. जोडी एकच घ्यायची आहे, आणि ८४ मिलिमीटर कमरेची (कंबर म्हणजे स्कीच्या मधल्या भागाची रुंदी) घ्यावी की १०६, इथे गाडी अडली आहे. उंची १७६ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कौशल्य मध्यम पण सुधारत असलेले, असेही तुम्ही सांगितले आहे. माझे उत्तर असे की या दोन्ही जोड्या बाजूला ठेवून ८८ ते ९६ मिलिमीटर कमरेची, पायाखाली कॅम्बर (मधली कमान) आणि पुढच्या टोकाला रॉकर (टोकाच्या आधीपासूनच वर उचललेला भाग) असलेली स्की पाहावी. आणि दोन पर्यायांत मन अडकलेच तर कठीण बर्फावर जी अधिक विश्वासाची वाटते ती घ्यावी.

हे मत बनायला मला एक पूर्ण मोसम लागला. पावडरच्या ओढीने मी एकदा १०८ मिलिमीटरची जोडी घेतली होती. ताज्या बर्फाच्या दोन सकाळी तिने अपार आनंद दिला, यात शंका नाही. उरलेले दिवस मात्र रात्री गोठून कडक झालेल्या उतारांचे होते, आणि तिथे प्रत्येक वळणात स्की कडेवर उभी करण्यासाठी गुडघ्यांना जोर लावावा लागत होता; दुपारपर्यंत मांड्यांपेक्षा गुडघेच अधिक थकलेले असत. बुटाच्या तळव्याची पुढची रुंदी साधारण ७० मिलिमीटर असते, म्हणजे त्याची कड पायाच्या मध्यरेषेपासून ३५ मिलिमीटरवर येते. ८४ मिलिमीटरच्या स्कीची पोलादी कड त्या मध्यरेषेपासून ४२ मिलिमीटरवर असते, तर १०८ च्या स्कीची ५४ वर. कठीण बर्फ दबत नाही, त्यामुळे कड बुटापासून जितकी बाहेर तितका तिचा उलटा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो, शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायलाही अधिक वेळ लागतो. मऊ बर्फात हा त्रास जवळजवळ जाणवत नाही, कारण तिथे संपूर्ण तळाखाली बर्फाचा आधार मिळतो.

आता पावडरकडे वळू. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला बहुधा ५० ते १०० किलो भरते, तर यंत्राने दाबलेल्या रनचे ४०० किलोच्या वर जाते. इतक्या हलक्या पदार्थावर तरंगायचे तर तळाचे क्षेत्रफळ हवे, हे खरे. पण रुंदीने नेमके किती क्षेत्रफळ वाढते तेही पाहावे. १७५ सेंटिमीटर लांबीची स्की सर्वत्र २० मिलिमीटर रुंद केली तर एका स्कीमागे ३५० चौरस सेंटिमीटर वाढतात. दोन्ही मिळून ए-फोर आकाराच्या एका कागदाहून थोडे अधिक. हा फरक खोल बर्फात नक्कीच जाणवतो, पण वितभर पावडरमध्ये तेवढ्यावरच सारे अवलंबून असते असे नाही. थोडा अधिक वेग, दोन्ही पायांवर सारखे वजन आणि वर उचललेले पुढचे टोक यांनी बरीच उणीव भरून निघते. उलट, रुंद स्कीने कठीण बर्फावर जे गमावले ते तंत्राने भरून काढणे मध्यम कौशल्याच्या माणसाला फार अवघड जाते. म्हणूनच तडजोड करायचीच असेल तर ती पावडरमधल्या कामगिरीत करावी असे मी म्हणतो.

त्यातही एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. पावडरचा दिवस म्हणून आपण जो मोजतो, त्यातली अस्पर्श पावडर लोकांची वर्दळ असलेल्या उतारांवर पहिल्या एक-दोन तासांत संपते. त्यानंतर उरतो तो तुडवलेला, उकरलेला, ढिगाढिगांचा बर्फ, आणि दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. या बर्फात तरंगण्यापेक्षा स्थिर राहणे महत्त्वाचे ठरते. फार हलकी स्की प्रत्येक ढिगावर आपटून दिशा सोडते. थोडी वजनदार, कंप शोषून घेणारी स्की त्यातून सरळ निघते. त्यामुळे वजनाचा आकडा जितका कमी तितके चांगले, ही समजूत चढण चढून जाणाऱ्यांसाठी योग्य असली तरी लिफ्टने वर जाऊन खाली उतरणाऱ्यांसाठी योग्य नाही.

रॉकर आणि कॅम्बर हे शब्द वाचून कळत नाहीत. ते डोळ्यांनी पाहावेत. दुकानात जोडी हातात आली की दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून उभ्या धरा. मध्यभागी, जिथे बूट येतो तिथे, दोन्ही तळांत बारीक फट दिसेल: हा कॅम्बर. पायाचे वजन पडले की ही कमान सपाट होते आणि कडेचा दाब टोकांपर्यंत पोहोचतो. कठीण बर्फावरची पकड तिथून येते. मग बोटांनी मधली फट दाबून बंद करा आणि पुढच्या टोकाकडे पाहा. तळ एकमेकांपासून जिथे सुटू लागतात तिथून रॉकर सुरू झाला. अगदी टोकाजवळच सुटत असतील तर ती प्रामुख्याने रनची स्की आहे. टोकापासून २५-३० सेंटिमीटर आधीच सुटत असतील तर पुढचा भाग पावडरमध्ये आपोआप वर राहील. तुम्हाला पुढे असा ठळक रॉकर आणि मागे अगदी थोडा, असे रूप हवे. मागचे टोकही खूप वर वळलेले असेल तर रनवर वळण पूर्ण करताना मागचा आधार निसटल्यासारखा वाटतो.

आजच्या या मिश्र स्कीमध्ये दोन वेगळ्या कल्पना एकत्र आल्या आहेत, आणि मला ही गोष्ट फार आवडते. १९९०च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची, कमरेत अरुंद आणि टोकांना रुंद अशी स्की आणली, आणि कडेवर टेकवताच स्वतः वळणारी स्की सामान्य लोकांच्या हाती आली. पुढे शेन मॅकॉन्की या स्कीपटूने वॉटर स्कीवरून स्फूर्ती घेऊन याच्या अगदी उलट, मध्ये रुंद आणि दोन्ही टोके वर उचललेली, व्होलंट कंपनीची स्पॅट्युला नावाची स्की घडवून आणली; ती खोल पावडरसाठी अद्भुत होती, पण कठीण रनवर तिचा काही उपयोग नव्हता. तुम्ही जी स्की घेणार आहात तिचा मधला भाग पहिल्या कल्पनेचा आणि पुढचे टोक दुसऱ्या कल्पनेचे असेल.

लांबीबाबत तुमच्या उंचीला १७२ ते १७८ सेंटिमीटर ठीक राहील. रॉकरमुळे रनवर कडेचा काही भाग बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीने हनुवटीपर्यंतची स्की घेतली तर ती प्रत्यक्षात आखूड पडते. वळणाची त्रिज्या १६ ते १८ मीटरच्या आसपास असू द्या; १३ मीटर त्रिज्येची स्की रनवर खेळकर वाटते, पण पावडरमध्ये तिची रुंद टोके आपल्या मनाने वळू पाहतात.

आतल्या रचनेत लाकडी गाभा असावा, एवढे पाहावेच. टायटॅनलविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण नावामुळे अनेकांना ते टायटॅनियम वाटते. तो मुख्यतः ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, आणि तो स्कीला पीळ पडू न देता कंप कमी करतो. नॉर्डिकाच्या एन्फोर्सर ९४ मध्ये त्याचे दोन पूर्ण थर आहेत. अशी स्की वेगात अतिशय शांत चालते, पण हळू जाणाऱ्याला ती ताठर वाटू शकते. फोल्कलच्या ९६ मिलिमीटर कमरेच्या मँट्रामध्ये धातू कडेने चौकटीसारखा बसवला आहे. तुमच्या वजनाला थोडा धातू झेपेल आणि तो उपयोगीही पडेल, मात्र पूर्ण दोन थरांची स्की चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जाता जाता, नावातील आकडा बऱ्याचदा कमरेची रुंदीच सांगतो, पण सर्वच कंपन्या तसे करत नाहीत, आणि काही मॉडेलांत लांबीनुसार रुंदीही बदलते. म्हणून स्कीवर छापलेले टोक, कंबर आणि शेपटीचे तीन आकडे वाचावेत.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा, घेताना तिच्या ब्रेकची (बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या दांड्यांची) रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा थोडीच अधिक, फार तर १५ मिलिमीटरने अधिक असावी. त्याहून रुंद ब्रेक वळणात बर्फावर घासतो. तुमच्या बुटाच्या तळाचा प्रकार आणि बाइंडिंग यांचा मेळ बसतो की नाही हे दुकानातील तंत्रज्ञाकडून तपासून घ्या, आणि बूट ज्या दाबाला सुटतो तो दाब वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून त्यालाच लावू द्या. कौशल्य वाढवून सांगू नका. गरजेपेक्षा घट्ट बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही आणि पाय मोडू शकतो.

शक्य असल्यास दोन-तीन जोड्या भाड्याने घेऊन, ताज्या बर्फाची वाट न पाहता, सकाळच्या कडक रनवर चालवून पाहा. पावडरमध्ये जवळजवळ प्रत्येक रुंद स्की चांगली वाटते, म्हणून तिथे केलेली परीक्षा फसवी असते. भाड्याच्या स्कीची कड बोथट नाही ना, हेही आधी नखाने पाहा: नख कडेवर आडवे हलके ओढले की त्याचा बारीक कीस निघायला हवा. तसे झाले नाही तर स्कीला दोष देण्यापूर्वी कडेला धार लावून मागा.

आणि मोसमात कधी खरोखर मांडीभर बर्फ पडलाच, तर त्या एका दिवसापुरती ११० मिलिमीटरची जोडी भाड्याने घ्या, बूट मात्र स्वतःचेच वापरा, आणि त्या बाइंडिंगचा दाब तुमच्या बुटाप्रमाणे नव्याने लावून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.